बदनामीची वसुली

एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचे न खपणारे नाते चव्हाट्यावर आले की पुढे काय होते, याची एक रीत आता जगभर रुळली आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळाने स्टीव्ह ईस्टरब्रुक या आपल्या मुख्याधिकाऱ्याला काढले. कंपनीतल्या एका कर्मचारी स्त्रीशी त्यांचे संबंध होते. दोघांच्या राजीखुशीचे होते, पण नियमात बसत नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरात नेस्लेने लॉरां फ्रेक्स यांना घालवले, कारण हाताखालच्या सहकारी स्त्रीशी असलेले नाते त्यांनी मंडळापासून लपवले होते. चौकशी होते, चार ओळींचे निवेदन निघते, नवा माणूस खुर्चीत बसतो आणि शेअर बाजार दोन दिवस कुरकुर करून गप्प होतो.

बातमीला एवढे पुरते. कथा-कादंबरीला, नाटकाला, सिनेमाला पुरत नाही. कुणाला आधीपासून ठाऊक होते, कोण कशासाठी गप्प बसले, त्या गप्प बसण्याचे काय मिळाले आणि तोंड उघडायला नेमका हाच मुहूर्त का निवडला, हे त्यांना विचारावे लागते. पुढच्या पानांतल्या लेखांचा विषय हाच आहे: सत्तेच्या खुर्चीत बसलेला माणूस, त्याचे समाजाला न मानवणारे नाते, आणि ते उघड झाल्यावर कथेत त्याचे, तिचे आणि खुर्चीचे काय होते. मी ही प्रस्तावना अंबाजोगाईत बसून लिहितो आहे. इथून काचेच्या इमारती आणि त्यांतल्या बोर्डरूम फार लांब आहेत. तरी या विषयावर बोलायला ही जागा वाईट नाही, असे मला मनापासून वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी एक अडचण मोकळेपणाने मांडायला हवी. मराठी कथनात कंपनीचा प्रमुख फारसा सापडतच नाही. गिरणीतला कामगार आहे, चाळीतला कारकून आहे, बँकेतला क्लार्क तर पिढ्यानपिढ्या आहे. साहेब असतो तो केबिनमध्ये. दार ढकलून कथा आत जाते ती रजेचा अर्ज द्यायला. आपले बहुतेक लेखक नोकरदार होते, त्यांनी जिथून पाहिले तिथूनच लिहिले. त्यामुळे उद्योगपतीच्या खाजगी आयुष्याची पडझड शोधायची तर इंग्रजी मालिकांकडे वळावे लागते, असा एक समज झाला आहे. तो मला मान्य नाही.

आपल्याकडचा कंपनीप्रमुख वेगळ्या कपड्यांत वावरतो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यातून पुढे महाराष्ट्राने स्वतःचा एक प्रमुख घडवला: चेअरमन. हजारो सभासद, कोट्यवधींची उलाढाल, जोडीला पतसंस्था, दूध संघ, शाळा-कॉलेज आणि कधी डिस्टिलरी. मुंबईच्या एखाद्या मध्यम कंपनीच्या संचालकाला नसेल एवढी माणसे त्याच्या शब्दावर हलतात. त्याच्या शेजारी दुसरा उभा आहे तो संस्थाचालक. अंबाजोगाईला लोक मराठवाड्याचे पुणे म्हणतात ते इथल्या शिक्षणसंस्थांमुळे. निजामाच्या काळात हे गाव मोमिनाबाद म्हणून कागदोपत्री होते तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ इथल्या शाळेत शिकवत होते. आणि गावालगत अंबासाखरला सहकारी कारखाना आहे. चेअरमन आणि संस्थाचालक या दोन खुर्च्यांचे वजन काय असते हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आणि या खुर्च्यांना बदनामी कशी भिडते, तेही त्याला ठाऊक असते. कुठल्याही तालुक्यात कारखान्याची निवडणूक लागली की मतदानाच्या आदल्या आठवड्यात एक पत्रक फिरते. त्यावर नाव नसते, छापखाना नसतो. कधी चारोळी असते, कधी ‘एक जागरूक सभासद’ अशी सही. मजकूर बहुधा ऊसदराबद्दल सुरू होतो आणि तिसऱ्या परिच्छेदात एका बाईपाशी येऊन थांबतो. पत्रकात लिहिलेले चहाच्या टपरीवर बसलेल्या प्रत्येकाला दहा वर्षांपासून ठाऊक असते. त्यात नवे काहीच नसते, नवी असते ती निवडणूक. मतमोजणी झाली की पत्रक संपते. चेअरमन निवडून आला तर फेटा बांधतो, पडला तर पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतो. त्या बाईला मात्र त्याच गल्लीत राहायचे असते, पोरांना त्याच शाळेत घालायचे असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या कथनात बदनामी हे भांडवल आहे. ज्याच्या हाती ते पडते तो ते राखून ठेवतो, योग्य वेळी बाजारात काढतो आणि वसुली करतो. ही वसुली खुर्चीवरच्या पुरुषाकडून होते असे वरवर दिसते. हिशेब नीट पाहिला तर ती बाईच्या खात्यातून झालेली असते. मराठी नाटककारांनी आणि सिनेमावाल्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांनी ते कंपनीच्या गोष्टीत न सांगता राजाच्या, मास्तरच्या, आश्रमाच्या गोष्टीत सांगितले, म्हणून आपले त्याकडे लक्ष गेले नाही.

राजाची गोष्ट तर खरीच घडलेली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. सोबत मुमताज बेगम होती, इंदूरच्या होळकर दरबारातून निघून आलेली नर्तकी. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. तिकडून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांना अडवले म्हणून ती वाचली. धागे इंदूरला पोचले. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पर्याय इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्यापुढे आला आणि १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या बाजूने गादी सोडली. त्याच १९२५ साली कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टरांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट या प्रकरणावर काढला. खटल्याची शाई वाळते न वाळते तोच सिनेमा! बदनामीचा बाजार केवढा मोठा आहे हे मुंबईच्या निर्मात्यांना तेव्हाच कळले होते. ब्रिटिशांना एका संस्थानिकाला वठणीवर आणण्याची संधी मिळाली, वर्तमानपत्रांना खप मिळाला, सिनेमाला प्रेक्षक मिळाला. मुमताजला कपाळावरच्या जखमेसह मुंबईत राहायला मिळाले, आणि तेवढ्यासाठी तिला भर कोर्टात स्वतःचे आयुष्य उघडे करून सांगावे लागले.

मास्तरची गोष्ट म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’. तो सगळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे फार सांगत नाही. गावाला वळण लावणारे गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागतात, दुसऱ्याच माणसाचे प्रेत गुरुजींचे म्हणून गावापुढे येते, गाव त्यांना देवपण देते आणि शेवटी गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जायला तयार होतात. गुरुजींची प्रतिमा वाचते, माणूस मरतो. आजच्या भाषेत ज्याला ब्रँड म्हणतात त्यासाठी जीव देणारा असा प्रमुख मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात आठवत नाही. पण मूळ जर्मन कथेवरून ही गोष्ट आपल्याकडे येताना तिच्यात एक मोठा फरक झाला. तिकडचा प्राध्यापक हसे होऊन संपतो. आपल्या गुरुजींना ती शिक्षा गाव देऊच शकत नाही, कारण गावाला गुरुजींची गरज आहे. गुरुजी झालेल्या डॉ. लागूंच्या चेहऱ्यावर ही कोंडी अशी उमटते की गाणी बाजूला ठेवून एकदा नुसता तो चेहरा पाहावा.

या विषयावरचे मराठीतले सर्वांत धारदार लेखन मात्र विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ आहे, आणि ते कंपनीबद्दलचे नाटक आहे हे आपण विसरतो. १९७० मध्ये ते रंगभूमीवर आले तेव्हा चर्चा झाली ती हिंसेची, शिव्यांची आणि माणिकच्या पातळावरच्या डागाची. सेन्सॉरच्या हरकतीमुळे तो लाल डाग निळा करावा लागला होता. त्या गदारोळात नाटकाचा कणा झाकला गेला. हा कणा म्हणजे ‘हरी सखाराम कंपनी’. दोघा भावांनी उभारलेला धंदा, एकाने दुसऱ्याला त्यातून हुसकावलेले, आणि आता पुढच्या पिढीतले रमाकांत-उमाकांत बापाच्या जिवावर उठलेले. या घरात जे जे नाते लपवलेले आहे त्याला भाव आहे. बहीण माणिक होंडूरच्या राजाकडून गरोदर आहे हे भावांना कळते तेव्हा त्यांना लाज वाटत नाही, रागही फार येत नाही. त्यांना आकडा दिसतो. राजाकडून किती काढता येतील? बहीण पळून जाऊन सौदा मोडू नये म्हणून ते तिचा पाय मोडतात. आणि राजा हृदयविकाराने गेल्याची बातमी येते तेव्हा त्यांच्या हातातले भांडवल एका क्षणात मातीमोल होते. त्यानंतर ते माणिकच्या पोटावर जे करतात ते पाहवत नाही. धंद्यात बुडालेली रक्कम माणूस कुणाच्या तरी अंगावर काढतो, तसे ते आहे.

तेंडुलकरांनी याच घरात दुसरे एक निषिद्ध नाते ठेवले आहे: रमाकांतची बायको रमा आणि गॅरेजमध्ये राहणारा अनौरस भाऊ रजनीनाथ. नाटकातले ते एकच नाते माणसांचे वाटते, कारण त्यातून कुणालाच काही वसूल करायचे नाही. समाजाच्या नजरेने पाहिले तर दोन्ही पापेच, आणि भावजय-दीर हे तर अधिक मोठे पाप. नाटककाराने मात्र तराजू उलटा धरला. नाते निषिद्ध आहे की नाही हा त्याचा प्रश्नच नाही. त्या नात्यात कोण कुणाला विकतो आहे, हा आहे. बोर्डरूमच्या कुठल्याही कथेला लावून पाहावी अशी ही कसोटी आहे, आणि पुढच्या लेखांपैकी जे मला सर्वांत आवडले ते तिच्या जवळ जातात.

तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये बेणारेबाईंवर खटला चालतो आणि ज्यांच्याशी त्यांचे नाते होते ते प्रोफेसर दामले गैरहजर असतात. पुरुषाची मोकळी खुर्ची एवढ्या स्पष्टपणे मराठी रंगमंचावर त्याआधी कुणी मांडली नव्हती. तो मुद्दा आता सर्वमान्य आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

‘उंबरठा’वर मात्र थांबायला हवे. १९८२ चा जब्बार पटेलांचा हा सिनेमा, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, मुळात शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी. सुलभा महाजन एका महिलाश्रमाची प्रमुख होते. म्हणजे इथे खुर्चीत बाई आहे, आणि त्यामुळे सगळा हिशेब बदलतो. आश्रमातल्या दोन बायकांमधले नाते उघड होते तेव्हा संस्थेला पहिली आठवण होते ती नावाची. त्या दोघींचे काय करायचे, त्यांना काय वाटते, हे नंतर. खुद्द सुलभाही त्या नात्याकडे आज आपण पाहू तसे पाहत नाही. ती तिच्या काळातली आहे आणि सिनेमाने ते लपवलेले नाही. आश्रमाच्या आडून बड्या माणसांचे जे चालते ते सगळ्यांना माहीत असते, तिथे कुणाला बदनामीची भीती वाटत नाही. चौकशी होते ती सुलभाची. तिने कुठलेही निषिद्ध नाते ठेवलेले नाही. इतरांच्या नात्यांचा जाब मात्र तिला द्यावा लागतो. राजीनामा देऊन ती घरी येते, तेव्हा तिचा नवरा सुभाष तिला सांगतो की मधल्या काळात त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. किती शांतपणे सांगतो! गिरीश कार्नाडांनी त्या प्रसंगात आवाज जराही चढवलेला नाही. त्याची वकिली चालू आहे, घर चालू आहे, आई आहे, मुलगी आहे, त्याच्यावर कुणी समिती नेमलेली नाही. आणि समोर सुलभा झालेली स्मिता पाटील उभी आहे, जिची खुर्ची दुसऱ्यांच्या बदनामीत गेली. स्त्री प्रमुख असली की तिच्या संस्थेतल्या प्रत्येकाचे खाजगी आयुष्य तिच्या खात्यावर टाकले जाते, हे निरीक्षण १९८२ च्या मराठी सिनेमात आहे. कॉर्पोरेट कथेने ते अजून पुरते उचललेले नाही.

त्याच्या वर्षभर आधी श्याम बेनेगल आणि गिरीश कार्नाड यांनी ‘कलयुग’ लिहिला आणि महाभारत मुंबईच्या दोन उद्योगपती घराण्यांत आणून बसवले. त्यातला करण सिंग स्वतःच्या हुशारीवर कंपनीचा मेंदू झालेला माणूस आहे. त्याच्या जन्माचे रहस्य त्याला कळते तेव्हा बाहेर कुठलीही बदनामी झालेली नसते. एकही वर्तमानपत्र काही छापत नाही. तरी तो कोसळतो. शशी कपूरने ते ज्या तऱ्हेने केले आहे त्यावरून मला वाटते की बदनामीच्या कथेत वर्तमानपत्राइतकाच आरसा महत्त्वाचा असतो. दुर्दैवाने आपल्या चेअरमनपटांनी हे शिकून घेतले नाही. १९७५ च्या ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील हा साखरसम्राट गुंतागुंतीचा माणूस होता, निळू फुल्यांनी तो तसाच उभा केला. पुढे त्या व्यक्तिरेखेच्या नकला निघाल्या आणि चेअरमन म्हणजे बाईवर वाईट नजर ठेवणारा, हे समीकरण पडद्यावर इतके घट्ट झाले की त्याची बदनामी होण्याची शक्यताच संपली. ज्याच्याकडून तेच अपेक्षित आहे त्याची कसली बेअब्रू? प्रेक्षक शिट्ट्या मारू लागला. लेखकाने ज्याच्या आत डोकावायला हवे होते तो माणूस खलनायक करून मोकळा सोडला गेला.

दरम्यान कायदा बदलला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी सुधीर मिश्रांचा ‘इन्कार’ आला, जाहिरात कंपनीचा प्रमुख आणि चौकशी समिती समोरासमोर. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आधी समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले आणि तीन आठवड्यांत व्यभिचाराचे कलमही रद्द केले. त्यामुळे पूर्वी एकाच गाठोड्यात बांधलेल्या गोष्टी सुट्या झाल्या आहेत, आणि लेखकाने त्या सुट्याच ठेवायला हव्यात. दोन प्रौढ माणसांचे मनापासूनचे नाते, मग ते दोन पुरुषांचे असो, लग्नाबाहेरचे असो किंवा जातीबाहेरचे, ही एक गोष्ट. पगारपत्रकावर ज्याची सही आहे त्याने हाताखालच्या बाईला नाही म्हणायची सोय न ठेवणे ही पूर्णपणे दुसरी. आमच्या मराठवाड्यात तर गंमत नव्हे, शोकांतिका आहे: संस्थाचालकाने एखाद्या शिक्षिकेला छळले तर लोक कुजबुजतात आणि विसरतात, त्याच्या मुलीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केले तर त्याला गावात मान वर करता येत नाही. पहिल्यात बदनामी व्हायला हवी होती, दुसऱ्यात व्हायला नको होती. कथेने लोकांच्या कुजबुजीचा हा क्रम जसाच्या तसा उचलला तर ती कथा त्या निनावी पत्रकाचेच काम करते.

अंबाजोगाईहून या विषयावर लिहिण्यासारखे काय आहे, ते आता. बीड हा ऊस तोडणाऱ्यांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की इथल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. इथे लग्न हीच नोकरीची अट आहे. हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्ने उरकली जातात त्याला हेही एक कारण आहे. मासिक पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांची बातमी २०१९ मध्ये देशभर गेली, सरकारने समिती नेमली, विधिमंडळात चर्चा झाली. बाईच्या शरीरावर इतका उघड हिशेब मांडला गेला, आणि त्यात एकाही कारखान्याच्या प्रमुखाची बेअब्रू झाली नाही. कारण कागदावर ती बाई कारखान्याची कुणी नाहीच. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक कंत्राटदाराशी, कंत्राटदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. फडातल्या कोपीत रात्री तिला त्रास देणारा मुकादम असेल, ट्रॅक्टरवाला असेल, शेतमालक असेल; चेअरमन त्या प्रसंगापासून तीन करार लांब असतो.

पुढच्या लेखांत अनेकांनी प्रमुखाच्या पडण्याबद्दल लिहिले आहे आणि चांगले लिहिले आहे. मला उणीव भासली ती या तीन करारांच्या अंतराची. न्यूयॉर्कच्या कथेत मुख्याधिकारी आणि त्याची सहकारी एकाच मजल्यावर बसतात, म्हणून तिथे गौप्यस्फोट होऊ शकतो. आपल्याकडे तो होऊ नये अशीच रचना केलेली आहे, आणि ही रचना कादंबरीला मिळालेला फार मोठा ऐवज आहे. कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्या किंवा असंघटित कामाच्या ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. प्रसंग घडतो सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात, हंगाम संपल्यावर बाई परतते धारूर, केज नाहीतर अंबाजोगाईच्या एखाद्या तांड्यावर-वाडीवर, आणि अंगावर उचल फिटायची असल्यामुळे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत तिला पुन्हा जायचे असते. तिची तक्रार लिहून घेणारा कोण, ती कुठल्या जिल्ह्यात द्यायची, नवरा काय म्हणेल, मुकादम उचलीचा कागद कधी पुढे करेल, आणि चेअरमनच्या स्वीय सहायकाने ते पत्र उघडले तर तो ते कुठल्या फायलीत ठेवेल: एवढ्या पायऱ्यांची एक कादंबरी मराठीत कुणीतरी लिहायला घ्यावी.